मंगळवारची मेल

११ मार्च

प्रिय ढब्बू,

आशीर्वाद. चाळिशी उलटलेल्या माणसाला आत्या अजून ढब्बू म्हणते म्हणून तुझी बायको हसते. हसू दे तिला. आणि ‘कागद कशाला, मेल टाक की’ असं तू मागच्या खेपेला लिहिलंस, त्याला माझं जुनंच उत्तर. मेल गटासाठी, घरच्या माणसांसाठी कागद. लिहिताना हात दुखला की माणूस फालतू काही लिहीत नाही.

आता कामाचं. माझ्या गुरुवारच्या गटाला माणसं येईनाशी झाली आहेत. एरवी खुर्च्या शेजारच्या खोलीतून ओढून आणाव्या लागतात. या गुरुवारी मी होते आणि माझ्या खालच्या मजल्यावरचा वायरमन होता. त्याला मेल बघायचा कंटाळा, म्हणून मी त्याला जिन्यातच तोंडी सांगते. बाकी कुणी फिरकलं नाही.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण दुखणं नीट सांगितल्याशिवाय डॉक्टरला औषध सुचत नाही. हा गट अडखळत बोलणाऱ्यांचा. तुझे बाबा गेल्यावर मी तो काढला. दादाला लहानपणी साखर आणायला पाठवलं की तो मीठ घेऊन यायचा, कारण दुकानदारासमोर ‘सा’ निघायचाच नाही. फोन वाजला की खोलीबाहेर जायचा. गटातले सगळे तसेच आहेत, म्हणून आपला पहिला नियम असा की कुणी कुणाला फोन करायचा नाही. जागा उसनी, दर वेळी वेगळी. कधी शाळा, कधी वाचनालयाची वरची खोली. ती मंगळवारच्या मेलमध्ये कळवायची. मेल आली नाही तर कुणी यायचं कुठं? गटाच्या नावाचा तो पत्ता तूच काढून दिलास आणि तूच सांभाळतोस. तेव्हा बघ जरा, मेल नीट जातात ना.

आणखी एक गंमत. परवा एका अनोळखी गृहस्थांनी मला लिहिलं, ‘तुमच्या गाद्या तुम्हालाच लखलाभ, पुन्हा मेल आली तर तक्रार करीन.’ मी त्यांना उत्तर दिलं की माझ्याकडे एकच गादी आहे, ती मधोमध खचलेली आहे आणि विकायची नाही.

तुझी,
आत्या


१८ मार्च

ती. आत्या,

नमस्कार, आणि तुझ्या खचलेल्या गादीलाही नमस्कार. ऑफिसात आज हसू आवरत नव्हतं.

तुझ्या मेल मी तपासल्या. रिपोर्टमध्ये प्रत्येक मेलपुढे ‘पोहोचली’ असं आहे. एकही परत आलेली नाही. त्यामुळे काळजी नको.

तरी एक सांगतो, कारण माझा धंदाच हा आहे. लोकांच्या मेल इनबॉक्समध्ये पडाव्यात, स्पॅमच्या अडगळीत जाऊ नयेत, याचाच मला पगार मिळतो. तू विषयाच्या ओळीत काय लिहितेस ते एकदा बघ. ‘मोफत गट’, ‘जरूर या’, पुढे तीन उद्गारचिन्हं, आणि जागेचं नाव लाल अक्षरात. गाळणी लावणाऱ्या मशीनला असलं काही दिसलं की ते भुवया उंचावतं. साधं लिही. ‘गुरुवारी कुठे भेटायचं’ एवढं पुरे. मोठमोठे फोटो जोडू नकोस. शेवटी एखादा प्रश्न विचार, म्हणजे लोक उत्तर देतील. लोकांची उत्तरं यायला लागली की मशीनला विश्वास वाटतो.

त्या गाद्यावाल्या गृहस्थांकडे लक्ष देऊ नकोस. असे विक्षिप्त लोक असतात. त्यांना उत्तर मात्र पुन्हा देऊ नकोस.

बायकोचा नमस्कार. ती अजून हसतेच आहे.

तुझा,
ढब्बू


२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तू सांगितलंस ते सगळं केलं. ‘मोफत’ काढलं, लाल रंग काढला, उद्गारचिन्हं काढली. इतकी साधी मेल लिहिली की माझी मलाच ओळखू येईना. शेवटी प्रश्नही विचारला. एकाचंही उत्तर आलं नाही. गुरुवारी पुन्हा मी आणि वायरमन. तो बिचारा माझ्यासाठी बसून राहिला, हे मला कळत होतं.

मेल पोहोचतात असं तू म्हणतोस, म्हणजे पोहोचतात. मग कारण दुसरं आहे, आणि ते मला माहीत आहे. पहिल्या पत्रात मी ते तुला लिहिलं नाही.

फेब्रुवारीतल्या एका बैठकीत आपल्या गटातले ग्रंथपाल बोलत होते. वाचनालयात एक बाई त्यांच्यावर कशा ओरडल्या ते सांगत होते. एका शब्दावर अडले. बराच वेळ अडले. सगळे शांत बसले होते, बसायचंच असतं. आणि मी, ढब्बू, मी तो शब्द बोलून टाकला. का, ते मला आजही सांगता येणार नाही. खोली सोडायची वेळ झाली होती, पहारेकरी दारात उभा होता, एवढंच. सगळं जग यांची वाक्यं तोडतं, आपण तोडायची नाहीत, हे इतकी वर्षं मीच शिकवलं. ग्रंथपालांचा चेहरा उतरला. ते खाली बसले आणि मग बोललेच नाहीत. बाकीच्यांनी ते पाहिलं. त्यानंतर लगेच माणसं यायची थांबली.

मी ग्रंथपालांना मेलवर माफी मागितली. लांबलचक, मनापासून. उत्तर नाही. त्यांचा हक्कच आहे. आता मी वाचनालयाच्या रस्त्यानं जात नाही, मागच्या गल्लीतून वळसा घालते. शरमेनं मान वर होत नाही.

त्यातही जीव तुटतो तो गटातल्या शिवणकाम करणाऱ्या मुलीसाठी. तिला शिवणशाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलंय. आयुष्यात पहिल्यांदा तिनं असा अर्ज केला. मी तिला वेगळी मेल लिहिली की बुधवारी घरी ये, आपण प्रश्नोत्तरांचा सराव करू. आली नाही. तिलाही माझ्यासमोर बोलायची भीती वाटायला लागली असेल.

या महिन्याच्या शेवटी गट बंद करावा म्हणते. शाळेनं गटाला दिलेल्या कपाटाची चावी मुख्याध्यापिकांना परत देऊन टाकीन.

तुझी,
आत्या


९ एप्रिल

ती. आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू मनाला फार लावून घेतेस. एका शब्दानं काय होतं? लोकांना कामं असतात, घरच्या अडचणी असतात. एवढी वर्षं तू हा गट चालवलास, थोडी विश्रांती घेतलीस तर कुणी नाव ठेवणार नाही.

हवं तर पुढे कधी नव्या नावाचा पत्ता काढून देतो. नवी सुरुवात होईल.

इकडे कामाची गडबड आहे, म्हणून आवरतं घेतो.

ढब्बू


१७ एप्रिल

प्रिय ढब्बू,

तुझं पत्र इतकं छोटं की पाकिटात सापडेना. त्यात एकही विनोद नाही. बायकोचा नमस्कार नाही. तुझे बाबा असं पत्र लिहायचे तेव्हा समजायचं की नोकरीत काहीतरी बिनसलंय आणि पठ्ठ्या सांगत नाही.

तुझं बरं आहे ना? माझं रडगाणं गाताना मी तुला विचारलंच नाही. साहेब त्रास देतात का? तुझा धंदा काही मला पुरता कळत नाही, पण लोकांपर्यंत निरोप पोहोचवणं हे चांगलं काम आहे, असं मी वायरमनला अभिमानानं सांगते. काही अडचण असेल तर माझ्याकडे येऊन राहा चार दिवस. गुरुवारही आता मोकळेच आहेत.

चावी ३० तारखेला द्यायचं ठरलं. मुख्याध्यापिका म्हणाल्या, विचार करा. मी म्हटलं, केला.

तुझी,
आत्या


२१ एप्रिल

ती. आत्या,

हे पत्र मी तीनदा फाडलं. माझं बरं आहे. नोकरीत बढती मिळाली आहे, आणि ती का मिळाली तेच सांगायचं आहे.

तू शब्द बोललीस म्हणून तुझी माणसं गेलेली नाहीत. ती माझ्यामुळे गेली.

फेब्रुवारीत आमच्याकडे गाद्यांची एक कंपनी आली. त्यांनी कुठून तरी पत्ते विकत घेतले होते आणि ज्यांनी कधी मागितलंच नाही अशा लोकांना जाहिराती पाठवून स्वतःची पत घालवली होती. मेल पाठवणाऱ्या प्रत्येक नावाला पत असते, आत्या. लोक तुझ्या मेल उघडतात, उत्तरं देतात, तशी ती वाढते. कुणी ‘हे स्पॅम आहे’ असं बटण दाबलं की उतरते. फार उतरली की मशीन त्या नावाची प्रत्येक मेल अडगळीत टाकतं. त्या कंपनीचं तेच झालं होतं. बैठकीत सगळे डोकं खाजवत बसले होते आणि मी म्हणालो, माझ्याकडे एक स्वच्छ नाव आहे.

साहेबांनी दबाव आणला असं लिहायचं मनात आलं होतं. त्यांनी मला विचारलंही नव्हतं. मला हुशारी दाखवायची होती.

आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत तुझ्या गटाइतकी चांगली पत कुणाचीच नव्हती. तुझी मेल जवळजवळ प्रत्येक जण उघडायचा, आणि अर्धेअधिक लोक उत्तर द्यायचे. मोठ्या कंपन्यांना हे पैसे टाकून मिळत नाही. मी गटाच्या नावानं आणखी एक पत्ता काढला आणि त्यावरून गाद्यांची जाहिरात हजारो लोकांना पाठवली. पहिल्या दिवशी ती सगळी इनबॉक्समध्ये पडली. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी धडाधड ते बटण दाबलं. तुझा तो विक्षिप्त गृहस्थ विक्षिप्त नव्हता. त्याला खरोखरच गटाच्या नावानं गाद्यांची मेल आली होती.

‘पोहोचली’ हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. समोरच्या मशीननं मेल आत घेतली की आम्ही पोहोचली म्हणतो. माणसापुढे ठेवली की अडगळीत फेकली, ते त्यात येत नाही. तुझी मंगळवारची मेल मलाही येते. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी बघितलं, ती माझ्याकडेसुद्धा स्पॅममध्ये पडली होती. हे पाहून मग मी तुला उद्गारचिन्हांवर प्रवचन दिलं.

ग्रंथपालांना लिहिलेली माफीही तिथंच असणार. आणि त्या मुलीला लिहिलेलं बोलावणंही.

तू पत्रात स्वतःला दोष देत होतीस आणि मी विश्रांती घे म्हणालो. गट बंद झाला तर कुणाला कळणार नाही, असा हिशेब माझ्या मनात आला होता. तुझं शेवटचं पत्र वाचलं नसतं तर मी गप्पच राहिलो असतो. माझी मलाच घाण वाटते.

तो दुसरा पत्ता मी बंद केला आहे. पत पुन्हा सुधारते, पण हळूहळू, आणि माझ्या एकट्याच्या हातात ते नाही. तुझ्या प्रत्येक माणसानं स्पॅम उघडून तुझी मेल आपल्या हातानं बाहेर काढायला हवी, ‘हे स्पॅम नाही’ असं दाबायला हवं आणि तुला उत्तर लिहायला हवं. तसं बऱ्याच जणांनी केलं की मशीन ऐकतं.

चावी देऊ नकोस.

ढब्बू


२५ एप्रिल

भाच्यास,

पत्र मिळालं.

नाव वापरलंस त्याचाही राग आहे, पण तो नंतर. मी त्या गल्लीतून वळसे घालत होते आणि तुला माहीत होतं. मी तुला लिहून कळवलं होतं. तरी तू मला घालू दिलेस.

आणि मी एकटीच नाही. ही माणसं आधीच असं समजून चालतात की चूक आपलीच. बोलावणं येईनासं झालं तर त्यांनी काय समजायचं? कुणी मला विचारायला येणार नाही. आपल्याला नको म्हटलंय का, हे विचारणं त्यांना फोनपेक्षा जड.

मेल बाहेर काढायला हवी म्हणतोस. त्यांना हे सांगणार कोण? मेल तू बुडवल्यास. फोन ते घेत नाहीत. पत्र टाकलं तर तू पुन्हा कागदामागे लपशील. तेव्हा रजा काढ आणि घरोघर जा. मी बरोबर येणार नाही, चिठ्ठीही देणार नाही. तू काय केलंस ते तुझ्या तोंडानं सांग. ते बोलतील तेव्हा ऐक, कितीही वेळ लागला तरी.

पत्ते सोबत आहेत. माझ्याकडे उतरू नकोस. चावी अजून माझ्याकडे आहे.

आत्या


११ मे

ती. आत्या,

मी येऊन गेलो. तू सांगितलंस तसा तुझ्या दाराशी आलो नाही. स्टेशनजवळ एका लॉजमध्ये राहिलो.

औषधांच्या दुकानात काम करणारे गृहस्थ पहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग मला ‘चालता हो’ म्हणाले. त्यांना ते म्हणायला खूप वेळ लागला. दुकानात गिऱ्हाइकं होती. मी ते पूर्ण होईपर्यंत उभा राहिलो आणि मग निघालो. पायरी उतरलो तेव्हा त्यांनी हातानं परत बोलावलं आणि फोन पुढे केला, दाखव म्हणून.

मी काही बोलायच्या आधी जवळजवळ प्रत्येक जण माझी माफी मागत होता. बेकरीतल्या बाईंना वाटलं होतं, त्या फार बोलतात म्हणून तू त्यांना वगळलंस. पोस्टमन म्हणाले, एकदा उशिरा आलो होतो, म्हणून असेल. सगळ्यांना वाटत होतं की गट चालू आहे आणि आपल्याला तेवढं काढलंय. रिकाम्या खोलीत तू बसली होतीस, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ग्रंथपाल मला वरच्या खोलीत घेऊन गेले. त्यांना तो शब्द आठवत होता. पण ते समजत होते की आपण तोंड पाडून बसलो त्याचा तुला राग आला. त्यांनी स्पॅम उघडून तुझी माफी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. तुला लिहितो, एवढंच म्हणाले, आणि मी खाली उतरेपर्यंत ते लिहायला बसलेही होते.

शिवणकाम करणारी मुलगी शेवटी ठेवली होती, कारण तिच्याकडे जायचा धीर होत नव्हता. मुलाखतीची तारीख उलटून गेली आहे, आत्या. ती गेलीच नाही. जिथं सगळे आपल्यासारखेच आहेत तिथंही आपण नकोसे झालो, मग तिथं जाऊन काय बोलणार, असं तिला वाटलं. हे सांगताना तिनं मशीनवरचं कापड सोडलं नाही. त्या जागी दुसरं कुणी तरी लागलं आहे. मी शिवणशाळेत जाऊन विचारलं. आता काही होणार नाही.

मी काय केलं ते तिला सांगितलं. ती शिव्या देईल, निदान रडेल, अशी मनाची तयारी करून गेलो होतो. तिनं फोन माझ्या हातात दिला. मी स्पॅम उघडलं. केस उगवण्याचं तेल, लॉटरी, कर्ज, आणि त्या सगळ्यांच्या मधे तुझ्या मेल, एकीखाली एक, कुणीही न उघडलेल्या. तिच्या एकटीच्या नावाचीही होती. ‘बुधवारी माझ्याकडे ये. आपण सावकाश बोलू. तू शिक्षिकेच्या खुर्चीत बसलेली मला आत्ताच दिसतेस.’ तिनं ती उभ्यानं वाचली. मग माझ्याकडे बघून म्हणाली,

“म... म्हणजे मला काढलं न... नव्हतं?”

आणि ती हसली. इतकी हसली की आतून तिची आई बघायला आली. तिची जागा गेली होती, ती माझ्यामुळे गेली होती, हे मी तिला नुकतंच सांगितलं होतं, आणि ती आनंदानं हसत होती. मला त्या खोलीत उभं राहवेना. ती रागावली असती तर माझं ओझं थोडं तरी कमी झालं असतं.

तिनं तिथंच तुला उत्तर लिहिलं. बराच वेळ लागला, दोनदा खोडलं. पाठवण्याआधी थांबली आणि मला विचारलं की हे त्यांच्यापर्यंत पोहोचेल ना, तुम्हाला यातलं कळतं. आत्या, ती खरंच विश्वासानं विचारत होती. मी हो म्हणालो, आणि तो शब्द उच्चारताना माझी मान खाली गेली.

या वेळी मी रिपोर्टमध्ये काही तपासलेलं नाही. तिची मेल तुला मिळाली का, तेवढं मला कळव.

तुझा भाचा